सगळी व्रतं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या पंडिता रमाबाईंनी कृपासदन का उभारलं?

छत्रपती संभाजीनगरहून मनमाड-दौंडमार्गे पुण्याला जाणारी गाडी दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशनावरून जाते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच केडगावात आहे. तिथल्या एका घराचं नाव होतं कृपासदन. समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या बायकांसाठी ते होतं.

ख्रिस्ती धर्मात कृपा म्हणजे लायकी न बघता देवाने केलेली माफी. रमाबाईंना ही गोष्ट उमगायला अर्धं आयुष्य लागलं.

त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे काळाच्या पुढे, बायको-मुलींना संस्कृत शिकवणारे. पण धर्माचरणात कडक. तीर्थयात्रा करत, देवळांत पुराण सांगत हे कुटुंब देशभर फिरायचं. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं, उपास-अनुष्ठानं सुरूच राहिली. 1874 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. नियम पाळण्यात या घराने काहीच कसूर ठेवली नव्हती.

पुढे कलकत्त्यात त्यांना पंडिता ही पदवी मिळाली, लग्न झालं आणि दोन वर्षांत वैधव्य आलं. 1883 मध्ये छोट्या मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या.

वाँटेजच्या सिस्टर्सनी लंडनमध्ये बदनाम ठरलेल्या बायकांसाठी आश्रम चालवला होता. तो पाहून रमाबाई चकित झाल्या. ज्यांना धर्मशास्त्राने कधीच जवळ केलं नव्हतं, त्यांना इथे मायेने वागवत होते. असं का, हे विचारल्यावर सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. त्याच सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आणि गंमत बघा, लगेच नवे नियम समोर आले! चर्चची शिकवण जशीच्या तशी मान्य करा, वरिष्ठांचं ऐका. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी आक्षेप घेतला. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं. त्या शाकाहारी राहिल्या, त्यातही सिस्टर जेराल्डिन यांना जातीचा अभिमान दिसला. एका धर्माचे पुरोहित मागे टाकून आलेली बाई दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांपुढे मान तुकवणार नव्हती.

तरी मन स्वस्थ नव्हतं. भारतात परतून 1889 मध्ये शारदा सदन सुरू केल्यानंतर त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम यांचं पुस्तक पडलं. हे हॅस्लम पाद्री होऊन बरीच वर्षं लोटल्यावर, स्वतःचंच प्रवचन देता देता बदलले होते. रमाबाईंना स्वतःचं दुखणं सापडलं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती, धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. त्यांच्या मते त्यांनी धर्म बदलला 1883 मध्ये आणि त्यांना कृपा कळली 1891 च्या सुमारास.

1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. 1900 पर्यंत मुक्तीत सुमारे दीड हजार जणी होत्या, सगळ्या जातींच्या.

तिथे शिस्त नव्हती असं मात्र नाही. शेती, विणकाम, छपाई, प्रत्येकीला काम होतं. फरक इतकाच की आधी आसरा मिळायचा, शिस्त नंतर यायची.

रमाबाई शेवटपर्यंत शाकाहारीच राहिल्या. बायबलचं साध्या मराठीत भाषांतर पूर्ण करून 5 एप्रिल 1922 रोजी केडगावातच त्या गेल्या.