दुष्काळात आईवडील गमावलेल्या पंडिता रमाबाई शेकडो अनाथ मुलींची आई झाल्या

पंडिता रमाबाई म्हटलं की संस्कृतच्या विदुषी आठवतात. पण त्यांच्या सेवेचं मूळ भुकेत आहे.

1858 चा जन्म. आईवडिलांसोबत त्या पुराणं सांगत गावोगाव फिरायच्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीपोटी पायी भटकत राहिले.

पुढं 1883 मध्ये इंग्लंडला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजानं टाकलेल्या बायकांना लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनी कशा सांभाळतात, हे त्यांनी पाहिलं होतं. धर्मांतरामुळं इकडं टीका झाली. 1893 मध्ये तर त्यांच्या शारदा सदनातून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

तरी त्या थांबल्या नाहीत. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतः तिथं जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि विधवांना आणलं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला 'मुक्ती'मध्ये शिक्षण, शेती, विणकाम, छपाई असं सगळं सुरू झालं. देवानं आपल्याला दुष्काळातून वाचवलं, त्याचे आभार प्रार्थनेसोबत कामातूनही मानायचे, हीच त्यांची भक्ती.

आपलं भोकर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्याच संस्थानातल्या गुलबर्ग्यातही रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांनी शाळा काढली.

1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाईही गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन मात्र आजही सुरू आहे.