पुढारी घडविणारी मास्तरीण

आपल्या चळवळीची आजची सर्वांत मोठी तक्रार कोणती, असे कुणालाही विचारा. नाक्यावरचा साधा माणूससुद्धा सांगेल की पुढारी उदंड झाले आणि कार्यकर्ता दिसेनासा झाला. जयंतीच्या फलकावर चाळीस चेहरे असतात. पण गावात अत्याचार झाला की पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद नीट लिहून घेणारा माणूस शोधावा लागतो. पुढारी जन्मालाच यावा लागतो, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. बाबासाहेबांची ती नव्हती. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ती शाळाही फार काळ टिकली नाही.

त्याच १९५६ साली तिकडे अमेरिकेत एका कृष्णवर्णीय शिक्षिकेची नोकरी गेली आणि त्यातून मोठ्या माणसांना पुढारी बनविणारी एक शाळा उभी राहिली. त्या बाईंचे नाव सेप्टिमा क्लार्क. मार्टिन ल्यूथर किंग आपल्या घराघरात ठाऊक आहेत. परंतु ज्यांना अमेरिका त्या चळवळीची आई म्हणते, त्या सेप्टिमाबाईंचे चरित्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ते आज आम्ही सांगत आहोत, कारण त्यात आपल्या दुखण्याचे औषध आहे.

सेप्टिमाबाईंचा जन्म ३ मे १८९८ रोजी दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन शहरात झाला. वडील पीटर पॉइन्सेट हे जन्माने गुलाम. पॉइन्सेट हे आडनावही मालकाचे. आई व्हिक्टोरिया लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. मालकाचे नाव कपाळावर घेऊन जगणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पोटाला चिमटा घेऊन आईबापांनी मुलीला शिकविले आणि १९१६ साली अठराव्या वर्षी ती शिक्षिका झाली.

पण चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना नोकरी नव्हती. म्हणून त्यांना जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर जावे लागले. तिथे दोन शिक्षिकांकडे १३२ काळी मुले. शाळेची जबाबदारी सांभाळणाऱ्या सेप्टिमाबाईंना पगार ३५ डॉलर. जवळच गोऱ्यांच्या शाळेत मुले तीन आणि तिथल्या बाईंना पगार ८५ डॉलर! दिवसा मुलांना शिकवून रात्री त्या बेटावरच्या अडाणी शेतमजुरांना अक्षरे गिरवायला लावीत. प्रौढ शिक्षणाचा धडा त्यांनी इथे स्वतःच गिरवला.

१९१९ साली चार्ल्स्टनमध्ये काळ्या शिक्षकांना नोकरी मिळावी म्हणून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने सह्यांची मोहीम काढली. सेप्टिमाबाई दारोदार फिरल्या. पुढच्याच वर्षी तो नियम बदलला. त्यांचा संसार मात्र फार टिकला नाही. पहिली मुलगी जन्मानंतर काही दिवसांतच गेली, १९२५ साली पती वारले आणि मुलाला सासू-सासऱ्यांकडे ठेवून त्या नोकरी करीत राहिल्या. नोकरी करता करताच त्यांनी पुढचे शिक्षण घेतले. १९३० च्या उन्हाळ्यात त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकल्या. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जिथे शिकले, तेच हे विद्यापीठ. पुढे ॲटलांटात त्या डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांच्या विद्यार्थिनी झाल्या. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, तेच हे दु बॉइस. काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांना समान पगार मिळावा, या १९४५ च्या लढ्यातही त्या होत्या.

आता येऊ १९५६ कडे. दक्षिण कॅरोलिना सरकारने कायदा केला की कोणत्याही सरकारी नोकराने एनएएसीपीचा सभासद असता कामा नये. सेप्टिमाबाईंनी सभासदत्व लपविले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेले. त्यांनी राज्यातील ७२६ काळ्या शिक्षकांना पत्रे पाठवून या कायद्याविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन केले. उत्तरे आली २६. अधिकाऱ्याला भेटायला जाण्याच्या दिवशी प्रत्यक्ष हजर झाली पाच माणसे! त्यांच्या सन्मानाच्या कार्यक्रमात नोकरी जाईल या भीतीने त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढायलाही कुणी तयार होईना.

आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट इथे आहे. आपला एखादा पुढारी असता तर त्याने काय केले असते? समाज झोपलेला आहे, समाज गद्दार आहे, अशी चार भाषणे ठोकली असती. सेप्टिमाबाईंनी दोष स्वतःकडे घेतला. माणसांची तयारी करून न घेताच आपण त्यांना लढ्यात ढकलू पाहिले, ही आपल्या आयुष्यातील मोठी चूक होती, असे त्यांनी मानले. आधी तयारी, मग हाक, हा धडा त्यांनी त्या सातशे अनुत्तरित पत्रांतून घेतला.

टेनेसी राज्याच्या डोंगरात १९३२ पासून हायलँडर नावाची प्रौढांची शाळा होती. माइल्स हॉर्टन हा गोरा माणूस ती चालवी. तिथे काळे-गोरे एका टेबलावर जेवत, हाच दक्षिणेत मोठा गुन्हा. १९५५ च्या उन्हाळ्यात सेप्टिमाबाईंच्या शिबिराला एक शिवणकाम करणारी बाई आली होती. त्याच डिसेंबरात माँटगोमेरीच्या बसमध्ये तिने जागा सोडायला नकार दिला. ती रोझा पार्क्स. थकलेली बाई सहज बसून राहिली, अशी गोष्ट आपल्याला सांगितली जाते. शिबिराचे नाव कुणी घेत नाही.

नोकरी गेल्यावर हॉर्टनने सेप्टिमाबाईंना कामावर घेतले. जॉन्स आयलंडवर ईसॉ जेन्किन्स हे बस चालवीत आणि कामाला जाणाऱ्या मजुरांना बसमध्येच राज्यघटनेचा उतारा पाठ करून घेत. कारण मतदार म्हणून नोंद व्हायची तर घटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे आणि सही करावी लागे. काळ्यांना मतापासून दूर ठेवण्याचा तो सोपा उपाय होता. हायलँडरने दिलेल्या कर्जातून बेटावर एक इमारत घेतली. पुढे किराणा दुकान, मागे वर्ग. गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून ही व्यवस्था. ७ जानेवारी १९५७ रोजी तिथे पहिली नागरिकत्व शाळा भरली. विद्यार्थी चौदा.

शिक्षिका कोण? सेप्टिमाबाईंची नातलग बर्निस रॉबिन्सन. व्यवसायाने केस विंचरणारी. पदवीधर शिक्षक मुद्दाम नको होता. शिकलेला माणूस अडाण्याला हिणवतो आणि सरकारी नोकरीवाला घाबरतो, हे बाईंनी अनुभवले होते. बर्निसने पहिल्या दिवशी विचारले की तुम्हाला काय शिकायचे आहे. कुणाला नाव लिहायचे होते, कुणाला बायबल वाचायचे होते, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तेच धडे झाले. नांगर धरून राठ झालेला हात हातात घेऊन सही गिरवून घेतली जाई. पुढे तोच वर्ग मतदानाकडे, शाळा समितीकडे, रस्त्याच्या प्रश्नाकडे वळे.

सत्तेला याचा वास लागलाच. ३१ जुलै १९५९ रोजी हायलँडरवर धाड पडली आणि कधीही दारू न पिणाऱ्या सेप्टिमाबाईंना दारू बाळगल्याच्या आरोपाखाली पकडले गेले. १९६१ साली सरकारने हायलँडरची सनद काढून घेतली. तोवर हे काम किंग यांच्या संघटनेकडे आले होते. जॉर्जियातील डॉर्चेस्टर केंद्रात दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून माणसे येत, काही दिवस शिकत आणि परत जाऊन आपल्या गावात वर्ग उघडत. स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, झाडाखाली. १९७० पर्यंत असे सुमारे ९०० वर्ग झाले. मिसिसिपीची शेतमजूर फॅनी लू हेमर अशाच प्रशिक्षणाहून परतताना १९६३ साली तुरुंगात बेदम मार खाऊन आली आणि १९६४ साली तिने सगळ्या अमेरिकेसमोर साक्ष दिली. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला, तेव्हा तो वापरणारी माणसे तयार होती.

सगळे गोड होते असे नाही. संघटनेतील पुरुष पुढाऱ्यांना ही बाई आपल्या कार्यकारिणीत कशाला, असा प्रश्न पडे. सेप्टिमाबाईंनी किंग यांना पत्र लिहून सुचविले की प्रत्येक मोर्चाचे नेतृत्व आपणच करू नये, गावोगाव दुसरे पुढारी तयार होऊ द्यावेत. ते पत्र बैठकीत वाचले गेले आणि मंडळी हसली. किंग यांच्याबद्दल त्यांचा आदर कायम राहिला. १९६४ साली नोबेलसाठी त्या त्यांच्यासोबत ऑस्लोलाही गेल्या. पण १९६८ साली किंग यांची हत्या झाली तेव्हा त्या हसण्याची किंमत चळवळीला कळली. एका खांबावरचा तंबू खांबाबरोबर खाली येतो. १९५६ नंतर हे आपल्याहून अधिक कुणाला ठाऊक आहे?

१९७५ साली सेप्टिमाबाई चार्ल्स्टनच्या शाळा मंडळावर निवडून गेल्या. ज्या व्यवस्थेने हाकलले, तिच्याच खुर्चीत! १९७६ साली पेन्शनही परत मिळाले. १५ डिसेंबर १९८७ रोजी जॉन्स आयलंडवरच त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे बघू. आपली शिबिरे म्हणजे सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण आणि दिवसभर वक्त्यांची भाषणे. समोर बसलेल्या माणसाला काय हवे, हे कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. आपली बहीण सरपंच होते आणि शिक्का मात्र नवऱ्याच्या नाहीतर गावच्या पाटलाच्या खिशात असतो. दोष तिचा की तिला न शिकविणाऱ्यांचा?

गावोगाव विहारे आहेत. तिथे वंदना होते, तीही हवीच. त्यानंतर एक तास वर्ग का भरू नये? ग्रामसभेत ठराव कसा मांडावा, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद कशी द्यावी, २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा. शिकवायला प्राध्यापक नको. आशाताई, शिवणकाम करणारी ताई, रिक्षावाला भाऊ पुरे. बाबासाहेबांनी १९५६ साली उघडलेली ती शाळा अर्धवट राहिली. तिचे वर्ग पुन्हा उघडण्यासाठी कोणत्याही पुढाऱ्याच्या परवानगीची गरज नाही. चौदा माणसे आणि एक खोली एवढेच लागते.