उंचीचा हिशेब मांडणारा प्राध्यापक

लेहच्या विमानतळावर उतरणाऱ्या आपल्या मंडळींना पहिला सल्ला मिळतो तो दोन दिवस स्वस्थ पडून राहण्याचा. घरातली तरणीताठी पोरे तो ऐकून हसतात. रोज व्यायाम करणाऱ्याला असले पथ्य कशाला, असे त्यांना वाटते. त्यांनी डॉ. अलेक्झांडर केलस यांची गोष्ट जरूर ऐकावी. आडनाव कैलासाची आठवण करून देणारे, आणि आयुष्यही हिमालयालाच वाहिलेले.

१८६८ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीनला जन्मलेले केलस पेशाने रसायनशास्त्रज्ञ. लंडनच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवत. किरकोळ अंगाचा, अबोल, अविवाहित प्राध्यापक. १९०७ पासून संधी मिळाली की ते सिक्कीम गाठू लागले. पुढेपुढे सोबतीला गोरे साहेब नसत. असत ते शेर्पा आणि इतर स्थानिक गडी. या माणसांची हिंमत फार लवकर ओळखणाऱ्यांपैकी ते एक. १९११ साली पौहुनरी हे ७,१२८ मीटर उंचीचे शिखर त्यांनी असेच सर केले.

पण त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता. तिथे वर माणसाचा जीव घाबरा का होतो? उंचावरच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो निम्म्यावर येतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक तृतीयांश उरतो. शरीर ही तूट भरून काढते. श्वास खोल होतो, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. मात्र त्याला दिवस लागतात. बँकेत चेक वटल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत, तसेच हे.

हा सारा हिशेब कागदावर मांडून केलस यांनी १९२० मध्ये निष्कर्ष काढला, की उत्तम प्रकृतीचा, सरावलेला माणूस कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट चढू शकेल. १९७८ साली मेसनर आणि हाबेलर यांनी ते खरे करून दाखवले.

ते पाहायला केलस नव्हते. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांची निवड झाली, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. त्याआधीचे आठवडे काबरूच्या परिसरात चढाई करण्यात गेले होते. मोहीम निघायला थोडेच दिवस उरले असताना ते थकून दार्जिलिंगला परतले आणि तसेच पुढे निघाले. तिबेटच्या पठारावर आमांशाने गाठले. चालवेना, तेव्हा मजुरांनी त्यांना उचलून नेले. ५ जून १९२१ रोजी कांपा झोंगजवळ त्यांचे हृदय थांबले. त्यांना उंचीने नव्हे, आजाराने आणि थकव्याने नेले.

विरळ हवेचा त्रास कोणाला होईल, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पूर्वी झालेल्याला पुन्हा होण्याचा संभव अधिक. घाईने चढणाऱ्यालाही तसाच. तब्येत दणकट असली म्हणून तो टळत नाही. म्हणून तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. डोके दुखून मळमळू लागले तर तिथेच थांबावे. तोल जाऊ लागला, बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे. गोळ्या घ्यायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

साऱ्यांच्या श्वासांचा हिशेब मांडणाऱ्या केलस यांनी स्वतःच्या थकव्याचा हिशेब तेवढा मांडला नाही. लेहमधले ते दोन दिवस पोरांनी निमूटपणे पडून काढावेत. डोंगर कुठे पळून जात नाहीत.