आपल्या वाट्याची कर्जखतं (गीता 18.9)

आज अठराव्या अध्यायातला नववा श्लोक. नेमून आलेलं काम करायचंच, फक्त त्याची आसक्ती आणि फळ सोडायचं. याला भगवंत सात्त्विक त्याग म्हणतात. त्याआधीच्या श्लोकात, त्रास नको म्हणून काम टाकणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही असं सांगितलंय. हे दोन्ही एकत्र वाचले की मला देहूचे तुकोबा आठवतात.

टाळ-वीणेचं चित्र इतकं डोळ्यात बसलंय, की हा माणूस दुकान आणि सावकारी असलेल्या घरातला होता हे विसरायलाच होतं. जन्म साधारण 1608 चा धरतात. मोरे घराणं, गावची महाजनकी, घरात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठल. थोरले भाऊ सावजी विरक्त, म्हणून वडील बोल्होबांनी व्यवहार तुकोबांच्या अंगावर टाकला. मिसरूडही फुटलं नसेल. पुढे आईवडील गेले, वहिनी गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. मग 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला.

अशा वेळी आपण काय म्हणतो? कर्म माझं! म्हणजे कपाळावर हात मारून विषय बंद.

तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. हा डोंगर आपल्या चाकण एमआयडीसीला लागूनच आहे. शिफ्टच्या बस जातात त्या रस्त्यावरून दिसतो, पण बघतो कोण. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोचला, असं परंपरा सांगते. पुढचा प्रसंग इंद्रायणीच्या काठावरचा. तुकोबांनी घरातली सगळी कर्जखतं मागवली आणि नदीत सोडायला निघाले. दुष्काळात होरपळलेल्या लोकांकडून काय वसूल करणार? पण कान्होबानं अडवलं. तुम्ही साधू झालात, मला संसार चालवायचाय, असं त्याचं म्हणणं.

तुकोबांनी त्याला उपदेश केला नाही. अर्धी कर्जखतं त्याच्या हातात दिली, आपली अर्धी इंद्रायणीत बुडवली.

गाथा बुडवल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, मला मात्र हे अर्धं जास्त अवघड वाटतं. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग करून मोठं होणं किती सोपं होतं!

आणि त्यानंतर ते डोंगरावर राहिले नाहीत. घरी आले. मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ नीट केलं. दुसरी बायको जिजाई, म्हणजे आवली, तिच्यासोबत संसार केला, मुलंबाळं झाली. ती चिडायची म्हणतात. चिडणारच, चूल तिलाच पेटवायची होती. लौकिक वाढला तरी संन्यास नाही, मठ नाही. 1650 मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेला गेले ते देहूहूनच.

हे आज लिहायचं कारण सांगतो. लॉकडाऊनमध्ये एका नातेवाइकाची नोकरी गेली तेव्हा मी त्याला एक लाख साठ हजार दिले होते. एक्सेल शीट केली होती. दर महिन्याला उघडायचो, आणि लग्नकार्यात तो दिसला की डोक्यात आधी आकडा यायचा, मग माणूस. मागच्या रविवारी देहूला जाऊन आलो आणि घरी सांगून टाकलं, पैसे सोडले. बायको शांतपणे म्हणाली की त्यातले निम्मे तिच्या पगारातले होते, आणि तिला कुणी विचारलंच नाही.

मी दिवसभर घुश्शात होतो. मी एवढा त्याग केला आणि हिला हिशोब दिसतो! आठवा-नववा श्लोक लिहायला बसलो तेव्हा कान्होबा आठवला.

काल रात्री शीटमधून ऐंशी हजार वजा केले. उरलेल्या ऐंशी हजारांपुढे तिचं नाव टाकलं, आणि फाईल तिला पाठवून दिली. ती त्याला फोन करेल की नाही, ते तिचं ती बघेल.

राम कृष्ण हरी.