माशांना नावे देणारा शिक्षक

पिकलेले केळे दोन दिवस उघड्यावर राहिले की त्याच्याभोवती बारीक चिलटे जमू लागतात. आपण ती हाताने हाकलून देतो आणि लगेच विसरूनही जातो. त्यांच्या एका प्रसिद्ध जातीचे शास्त्रशुद्ध वर्णन १८३० साली प्रथम केले गेले. ते करणारे योहान व्हिल्हेल्म मायगेन हे जर्मनीतील एका लहान गावातले शिक्षक होते. त्यांनी उभे आयुष्य माशा, डास व चिलटे यांच्या अभ्यासाला वाहिले.

योहानचा जन्म ३ मे १७६४ रोजी झोलिंगेन या गावी झाला. चाकू आणि तलवारी घडवण्यासाठी हे गाव सर्वदूर प्रसिद्ध होते. योहानच्या घरची स्थिती बेताची होती, त्यामुळे त्याला शाळेचा लाभ फारसा झाला नाही. परंतु वाचनाची त्याला विलक्षण गोडी होती. गावातील एका संगीतशिक्षकाने त्याला वाद्यवादन, सुंदर हस्ताक्षर आणि फ्रेंच भाषा शिकवली. पुढे याच विद्येवर त्याचा चरितार्थ चालला. लहानपणीच त्याने फुलपाखरांचा एक नीट मांडलेला संग्रह पाहिला आणि कीटकांविषयीचे त्याचे कुतूहल जागे झाले.

त्या काळी फुलपाखरांचा अभ्यास करणारे पुष्कळ होते, कारण ती दिसायला सुंदर असतात. माशांकडे मात्र फारसे कोणी पाहत नसे. मायगेन यांनी नेमका हाच दुर्लक्षित विषय निवडला. बहुतेक कीटकांना चार पंख असतात. माशा, डास, गोमाशा आणि चिलटे यांना मात्र दोनच असतात. मागच्या दोन पंखांच्या जागी त्यांना टोकाशी गोळा असलेले दोन चिमुकले दांडे असतात. उडताना तोल सांभाळण्याच्या कामी ते येतात. अशा सर्व कीटकांना द्विपंखी असे म्हणतात.

स्वीडनचे थोर शास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५८ साली द्विपंखी कीटकांचे अवघे १० वंश मानले होते. त्यांचे शिष्य फाब्रिसियस यांनी कीटकांच्या मुखावयवांवरून वर्गवारी केली. परंतु तांदळाच्या दाण्याहून लहान असलेल्या माशीचे तोंड तपासायचे कसे? हाताशी असलेल्या माशा ग्रंथांशी ताडून पाहता पाहता मायगेन यांच्या ध्यानात आले की, कितीतरी माशा कोणत्याच गटात नीट बसत नाहीत. त्यांनी केवळ एका अवयवावर विसंबून न राहता अनेक लक्षणे एकत्र पाहण्याचे ठरवले. मिशांचे आकार, पंखांतील शिरांची जाळी, डोळे, पाय, अंगावरचे ताठ केस या सर्वांची ते भिंगातून बारकाईने पाहणी करू लागले. १८०० साली त्यांनी आपली नवी वर्गवारी पॅरिस येथे फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली.

नवी जाती ओळखणे हे फार चिकाटीचे काम आहे. सापडलेली माशी आधी माहीत असलेल्या सर्व जातींशी ताडून पाहावी लागते. ती कोणाशीही जुळत नाही अशी खात्री पटली, म्हणजे तिच्या प्रत्येक अवयवाचे नेमके वर्णन लिहावे लागते. मग तिला दोन शब्दांचे नाव द्यायचे. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. वर्णन छापून प्रसिद्ध करायचे आणि मूळ नमुना जपून ठेवायचा, म्हणजे पुढे कोणालाही त्याची पडताळणी करता येते. मायगेन यांनी शेकडो जातींसाठी हे सारे केले.

१७९६ साली ते श्टोलबेर्ग या पितळेच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या गावी शिक्षक म्हणून गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. फ्रेंच, चित्रकला आणि संगीत शिकवून मिळणाऱ्या पैशांत संसार चालवायचा आणि उरलेल्या वेळात माशांचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती की धनवंतांचा आश्रय नव्हता. कील येथील प्राध्यापक व्हीडेमान यांनी मात्र त्यांची योग्यता जाणून त्यांना मोलाचे साहाय्य केले. १८१८ ते १८३८ या २० वर्षांत मायगेन यांनी युरोपातील द्विपंखी कीटकांवरील आपला ग्रंथ सात भागांत पुरा केला. शिवाय या कीटकांची रंगीत चित्रे त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. त्या चित्रांचे तीनशेहून अधिक तक्ते झाले.

एवढे करूनही त्यांना द्रव्य मिळाले नाही. म्हातारपणी, १८४० च्या सुमारास, जन्मभर जमवलेला संग्रह त्यांना विकावा लागला. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने तो घेतला आणि तेथे तो जतन करून ठेवण्यात आला. १८४५ साली बॉन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. परंतु हा सन्मान फार काळ उपभोगणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी ११ जुलै रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या कामाचे खरे मोल पुढे कळून आले. १८१८ साली त्यांनी डासांच्या एका वंशाला ॲनाफिलीस हे नाव दिले होते. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ निरुपयोगी असा आहे. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी आपल्या देशात, सिकंदराबाद येथे, हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढले. तो डास याच वंशातला होता. कोणता डास रोग पसरवतो आणि कोणता नाही, हे ओळखता आले म्हणून हिवतापाशी झुंज देणे शक्य झाले.

केळ्यावरच्या त्या चिलटाला मायगेन यांनी दिलेले नाव होते मेलॅनोगॅस्टर, म्हणजे काळ्या पोटाचे. ड्रोसोफिला या वंशात त्यांनी त्याला स्थान दिले. हे चिलट सहज पाळता येते आणि सुमारे दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते. म्हणून १९१० च्या सुमारास अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांनी ते प्रयोगासाठी निवडले. आईबापांचे गुण मुलांत उतरवणारे घटक पेशीतील गुणसूत्रांवर असतात, हे त्यांनी या चिलटाच्या साहाय्याने दाखवून दिले. १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत या चिलटावर संशोधन चालूच राहिले.

यांपैकी काहीही मायगेन यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. हा कीटक पुढे कोणाच्या उपयोगी पडेल याचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. समोर आलेला प्रत्येक कीटक नीट पाहावा आणि पाहिले तेवढेच खरेखरे लिहावे, एवढेच त्यांनी आयुष्यभर केले. त्या खरेपणावर विसंबूनच पुढच्या संशोधकांना आपले काम करता आले.