पाब्लो कझाल्स : न वाजवण्याचे धैर्य

पाब्लो कझाल्स ह्यांचा जन्म १८७६ साली स्पेनमधील कॅटलोनियात झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. लहानगा पाब्लो तेथील गायकवृंदात गाई. पुढे चेलोवादक म्हणून मोठमोठे ऑर्केस्ट्रा त्यांना पाहुणे कलाकार म्हणून बोलावू लागले. १९३९ साली स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही आली. कझाल्स फ्रान्समधील प्राद गावी निर्वासित म्हणून राहिले. महायुद्ध संपले, तरी लोकशाही देशांनी फ्रँकोला चालवून घेतले. म्हणून त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या. अखेर १९५० साली, बाखच्या दोनशेव्या स्मृतिवर्षी, देशोदेशींचे संगीतकारच प्रादला आले आणि तेथील चर्चमध्ये कझाल्सचा चेलो पुन्हा घुमला. १९७३ साली परदेशातच त्यांचे निधन झाले. देवाने दिलेली कला कुठे वापरू नये, हेही आपण कधी ठरवतो का?