लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे पहारेकरी

होडीवर कोणास घ्यावयाचे, हा प्रश्न नाखवा सहज सोडवीत नाही, हे दिवाळ्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. जाळे ओढणारा हात बळकट असला म्हणजे झाले, असे नव्हे. भर रात्री पाण्यावर ज्याच्या भरवशाने डोळा लागू द्यावयाचा, तो माणूस विश्वासाचा असावा लागतो. मग तळोज्याच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटून जो घरी परत येतो, त्यास कोणी होडीवर घ्यावे? शिक्षा संपल्याचा कागद त्याच्या हाती असतो, पण तो कागद नाखव्यास दाखवून भागत नाही. या गोष्टीचा विचार करिता आम्हांस ज्या एका पुरुषाची आठवण होते, त्याचे चरित्र आज थोडक्यात देत आहो.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेचे वेड असल्यामुळे ते मुंबईस येऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग आपल्या डोळ्यांस नीट ओळखू येत नाहीत असे त्यांस आढळून आले, आणि रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावी आपल्या बंधूंसह सायकलींचा धंदा चालविला व मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोकांच्या मनातील संशय किती चिवट असतो, याचा हा त्यांस पहिला अनुभव.

बेळगावची जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांस आपल्या संस्थानात जागा दिली. ही जागा म्हणजे कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने व सापांनी भरलेला माळ. तेथे 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. यशयाचा ग्रंथ वाचणाऱ्यांस येथे काय आठवेल, ते आम्ही लिहावयास नको. असो.

वाडीत शिवाशीव पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. त्या काळी हे लहान धाडस नव्हते. परंतु आम्हांस याहूनही मोठी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. कारखान्याच्या व वस्तीच्या रात्रीच्या पहाऱ्यास त्यांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसे ठेविली. ज्यांच्या नावाने दारे लावून घेण्याची भोवतालच्या लोकांस सवय, त्यांच्याच हाती त्यांनी वस्तीची राखण दिली. चोराच्या वाटा चोरासच ठाऊक, एवढाच हा धूर्त हिशेब होता, असे कोणी म्हणेल. तो थोडासा असेलही. कारखानदार माणूस हिशेब सोडून कसा वागेल? तथापि ज्या घरात आपली बायकामुले निजली आहेत, त्या घराबाहेर असा माणूस उभा करण्यास हिशेबापलीकडचे काही लागते. त्यांनी उपदेश केला की नाही, यास आम्ही फारसे महत्त्व देत नाही. त्यांनी काम दिले, पगार दिला, व माणसांच्या वस्तीत जागा दिली.

सुटून आलेल्याच्या मनाची स्थिती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांस याचे मोल कळेल. उठावे कधी, जेवावे कधी, दिवा मालवावा कधी, हे सर्व ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे दुसऱ्यांनीच ठरविले, तो घरी येतो तेव्हा दारावरची थाप ऐकून दचकतो, रात्री जागा राहतो, बाजारात जाण्याचे टाळतो, आणि साध्या गोष्टीचाही निर्णय त्यास करवत नाही. घरचे लोक लाजेने गप्प राहतात व तो त्या गप्पपणाचा अर्थ आपल्या परीने लावितो. 2007 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन संस्थानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अशा लोकांतील मृत्यूंचे प्रमाण इतर रहिवाशांच्या बारा पटींहून अधिक आढळले. त्यांत अंमली पदार्थांचे बळी पुष्कळ होते, पण आत्महत्याही होत्या.

त्याच औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत निघाली. पोलंडात जन्मलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना, व भवानरावांचा तीस आश्रय. तेथे कैदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करीत. शांताराम यांचा 1957 सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट याच प्रयोगावरून निघाला. सुटण्याआधीच माणसास बायकामुलांत राहण्याची सवय व्हावी, यात मोठे शहाणपण आहे असे आमचे मत आहे.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी वारले. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीस सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढिले. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु अनेसिमास फिलेमोनाच्या दारी परत पाठविताना प्रेषिताने जी विनंती केली, ती या गृहस्थांनी न वाचताच ऐकिली होती, असे म्हणावेसे वाटते.

आमच्या मंडळ्यांपाशी कारखाने नाहीत, हे खरे. तथापि आज काही साधने हाताशी आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम 1990 पासून मुंबईत कैद्यांसाठी व सुटलेल्यांसाठी काम करीत आला आहे. मन फार खचले, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर 14416 या क्रमांकावर सरकारच्या टेलिमानस सेवेशी मराठीत, पैसे न पडता, बोलता येते. ही सेवा 2022 साली सुरू झाली. घरच्यांनीही त्यावर बोलावे. ठाण्यास मनोरुग्णालय आहे, व तेथे जाणे हा वेडेपणाचा शिक्का नव्हे, हे पाळकांनी भक्तीनंतर उघडपणे सांगावे. सुटकेचा दिवस पुष्कळदा घरच्यांस आधी कळतो. त्या दिवशी तळोज्याच्या दाराशी पाळकांनी एकट्याने न जाता गावातील एखाद्या नाखव्यास बरोबर न्यावे, अशी आमची सूचना आहे.